हात दाखवून अवलक्षण

पुण्याच्या माणसाला सायकल शिकवायला जाऊ नये. ज्याने नारायण पेठेत ॲटलसच्या नळीखालून पाय घालून तोल सांभाळला, पुढे तीच सायकल टिळक रस्त्यावरून डबलसीट हाणली, पोलीस दिसताच मागच्या मित्राला उतरवून ‘आमची काही ओळख नाही’ असा चेहरा केला आणि दिवा नाही म्हणून दोन्ही चाकांची हवा सोडून घेतली, त्याचं या विषयातलं शिक्षण तिथेच पूर्ण होतं. पन्नाशी उलटेपर्यंत माझी ही ठाम समजूत होती. अजूनही आहे. फक्त डाव्या मनगटाचं मत अलीकडे वेगळं पडलंय.

माझा भाचा कॅनडात, नॉर्थ व्हँकूवरला राहतो. आम्ही नवराबायको उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो ते बागा, धबधबे आणि नशीब असलं तर एखादा देवमासा बघायला. त्याच्या गॅरेजात मोटारीला जागा नव्हती, कारण तिथे सायकली टांगलेल्या होत्या. मोटार बिचारी बाहेर पावसात. मी एका सायकलीची किंमत विचारली. त्याने सांगितली. मी मनात साठने गुणलं आणि आपला गुणाकार चुकला असेल म्हणून पुन्हा विचारली. त्यात आमच्या सोसायटीची लिफ्ट दुरुस्त झाली असती. बरं, एवढं मोजून त्या सायकलीला कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही, स्टँडसुद्धा नाही.

“मग उभी कशी करायची?”

“आडवी टाकायची, मामा.”

मी सहज विचारलं की अरे, एका सायकलीत भागत नाही का? त्या रात्रीचं जेवण थंड झालं. भाच्याने एकेक सायकल खाली काढली, पुढचे शॉक दाबदाबून दाखवले आणि मला माउंटन बायकिंगच्या जातीपोटजाती ऐकाव्या लागल्या. पहिली क्रॉस-कंट्री. सायकल हलकी, पुढच्या शॉकची हालचाल शंभर-एकशेवीस मिलिमीटर, आणि चढसुद्धा पायडल मारतच चढायचे. ही ऑलिंपिकमध्ये आली १९९६ला, अटलांटात, आणि पुरुषांचं पहिलं सुवर्णपदक नेलं बार्ट ब्रेंट्येन्स या हॉलंडच्या माणसाने. ज्या देशात धड डोंगर नाही, तिथला माणूस डोंगरी सायकलीत पहिला! मला एकदम धीर आला. आपल्याकडे निदान पर्वती तरी आहे.

ट्रेल म्हणजे थोडं चढा, थोडं उतरा आणि जेवायला घरी या. हा संसारी लोकांचा प्रकार. एंड्युरोत चढ सुटत नाही, पण घड्याळ लावतात ते उतारांच्या टप्प्यांना. चढावर लोक गप्पा मारत जातात, ठरल्या वेळेत वर पोचलं की झालं. जे काम मोजलंच जाणार नाही ते घाम गाळून करायचं, ही कल्पना बँकेत नोकरी केलेल्या माणसाला पचायला जड. फ्रीराइडला तर आयती वाटही नसते. अमेरिकेत, युटा राज्यातल्या व्हर्जिन नावाच्या गावाजवळ २००१मध्ये रेड बुल रॅम्पेज सुरू झाली. तिथे लालभडक कडे आहेत. स्पर्धक आणि त्यांचे मदतनीस आधी कुदळ-फावडी घेऊन स्वतःची वाट खणतात आणि मग त्याच वाटेने स्पर्धक स्वतःला खाली लोटून देतो. म्हणजे खड्डासुद्धा ज्याचा त्यानेच खणायचा.

ट्रायल्सवाल्यांना डोंगरही लागत नाही. स्कॉटलंडच्या डॅनी मॅकअस्किलला एडिंबरात टोकेरी लोखंडी कुंपणावरून सायकल चालवताना २००९मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. पुण्यात ते जमलं नसतं. त्या कुंपणावर आधीच पाटी असती.

आणि मग डाउनहिल. शॉकची हालचाल दोनशे मिलिमीटर, हनुवटीपर्यंत तोंड झाकणारं हेल्मेट, शर्यत काही मिनिटांची. वर सायकलसकट लिफ्टने जायचं आणि खाली यायचं.

“म्हणजे चढायचं नाही?”

“नाही.”

“मग हा आपला प्रकार,” मी जाहीर करून टाकलं. उतरायला काय लागतं? पर्वतीवरून म्हाताऱ्या बायका उतरतात.

“त्या पायी उतरतात,” ही म्हणाली. पण हिच्याकडे आमटीचा डाव होता आणि माझ्याकडे निश्चय.

हे खूळ मुळात काढलं कुणी, हे ऐकल्यावर तर मला त्या पंथाबद्दल आपुलकीच वाटायला लागली. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ वगैरे उनाड मंडळी तीस-चाळीस वर्षं जुन्या, जाड टायरच्या बोजड सायकली मिळतील तिथून गोळा करत आणि टेकडीवरून सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ला त्यांनी फेअरफॅक्स गावाजवळच्या पाइन माउंटनवर घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. उतार चारशे मीटरच्या आसपास. ब्रेक मागच्या हबमध्ये, पायडल उलटं दाबून लागणारा. तो खाली पोचेपर्यंत इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून ग्रीस नव्याने भरावं लागे. म्हणून शर्यतीचं नावच पडलं रिपॅक. पुढल्या वर्षी ब्रीझने खास या कामासाठी फ्रेम बनवली, १९८१मध्ये स्टंपजंपर नावाची कारखान्यातली सायकल बाजारात आली आणि धंदा सुरू झाला.

हे सगळं आपणही करू शकलो असतो हो! जड सायकली होत्या, वेताळ टेकडी होती, ग्रीस होतं. फक्त सायकलचा हब जाळून घरी आल्यावर वडिलांना काय सांगायचं, हा प्रश्न कॅलिफोर्नियातल्या पोरांना नसावा.

भाच्याने मला एकदम डाउनहिलला न्यायचं नाकारलं. आधी घराजवळच्या माउंट फ्रॉमवर तालीम. तिथलं रान ओलं, काळोखं, उंच झाडांचं, आणि जमिनीवर मुळांची नुसती जाळी. चिखल आणि ओंडके चुकवायला इथल्या वाटा करणाऱ्यांनी सीडरच्या फळ्या ठोकून शिडीवजा पूल बांधले. टॉड फिअँडर ऊर्फ ‘डिगर’ हे त्यातलं मोठं नाव. पुढे पूल अरुंद होत गेले, उंच होत गेले, आणि चिखल टाळण्याचा मूळ हेतू सगळेच विसरले. असाच एक फळीभर रुंदीचा पूल सरावासाठी जमिनीपासून वीतभर उंचीवर होता. मी त्याच्यासमोर सायकल धरून उभा राहून बराच विचार केला. तेवढ्यात ही खांद्याला पर्स लावून त्यावरून पलीकडे चालत गेली आणि परत आली.

“चांगला भक्कम आहे,” ही म्हणाली.

तालमीत कळलं ते असं की पुण्याने मला शिकवलेली प्रत्येक गोष्ट इथे उलटी. सीटवर बसायचं नाही. मी चक्रावलो. मग ती आहे कशाला? तर चढावर बसायला. उतार आला की अंगठ्याजवळचं बटण दाबून सीट खाली घालवायची, पायडल एका पातळीत ठेवून त्यावर उभं राहायचं, कोपरं बाहेर, गुडघे सैल, टाचा खाली. मी बटण दाबलं, सीट खाली गेली नाही. कारण ती खाली जायला आपण आधी तिच्यावर भार द्यावा लागतो. मग मी भार दिला आणि ती गेली. गेली याची खात्री करायला मी किंचित उठून बटण पुन्हा दाबलं. ती स्प्रिंगच्या जोराने वर आली. पुढचा अर्धा तास मी सीटवर न बसण्याचा नियम कुणी न सांगता पाळला.

दुसरं म्हणजे पुढच्या चाकाकडे बघायचं नाही. पुण्यात पुढच्या चाकाकडे न बघणारा माणूस ड्रेनेजच्या झाकणात जातो. इथे मात्र चार-पाच सायकली पलीकडची वाट बघायची, कारण नजर जिथे जाते तिथे खांदे वळतात, खांदे वळतात तिथे हँडल जातं. “झाडाकडे बघू नकोस, मामा,” भाचा मागून ओरडला. त्याक्षणी त्या अख्ख्या रानात मला एकच झाड दिसायला लागलं. मी त्याच्याकडे बघत बघत, अजिबात वाट न चुकता, नेमका त्याच्यापर्यंत गेलो.

तिसरी गोष्ट ब्रेकची. मुळांवर ब्रेक दाबला की ओल्या मुळावरून चाक सरकतं, म्हणून ब्रेक आधी लावायचा आणि मुळांवरून सायकल सोडून द्यायची. एकोणतीस इंची चाक वेगात असलं तर मुळांवरून निघून जातं, हळू असलं तर अडकतं. “हळू गेलास तर पडशील,” हे वाक्य सख्ख्या भाच्याने मला ऐकवलं. आमच्या अख्ख्या खानदानात असलं वाक्य कुणी उच्चारलेलं नाही.

तर अशा पूर्वतयारीनिशी आम्ही व्हिस्लरला गेलो. व्हँकूवरपासून साधारण १२० किलोमीटर, एका बाजूला समुद्राची खाडी, दुसऱ्या बाजूला कडे. २०१०च्या हिवाळी ऑलिंपिकमधलं बरंचसं स्कीइंग झालं ते हेच गाव. हिवाळ्यात ज्या लिफ्ट स्कीवाल्यांना वर नेतात, त्या उन्हाळ्यात सायकलवाल्यांना नेतात. वाटांची प्रतवारीही स्कीचीच: हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मधला, काळा शंकरपाळा अवघड, दोन काळे शंकरपाळे म्हणजे घरी सांगून या.

लहानपणी मी तासावर सायकल भाड्याने घ्यायचो तेव्हा दुकानदार फक्त वडिलांचं नाव विचारायचा. इथे दिवसाचं भाडं शंभर डॉलरच्या वर, आणि शिवाय एक लांबलचक कागद. त्यात हात, पाय, मान वगैरेंचं काही झालं तर आमचा संबंध नाही, असं बारीक टायपात असतं म्हणे. आयुष्यभर कर्जदारांकडून न वाचता सह्या घेतल्या, आता मी न वाचता सही केली. मग गुडघ्यांना, कोपरांना, छातीला, पाठीला चिलखतं चढली. नवा फ्रिज टेम्पोतून उतरवताना असतो तेवढा मी गुंडाळला गेलो. दुकानातल्या पोराने हसतमुखाने शेवटची सूचना दिली: डावा ब्रेक पुढचा, उजवा मागचा.

हे वाक्य मी ऐकलं. मान डोलावली. मीटिंगमध्ये मान हलवत ठेवून मन जेवणाच्या डब्याकडे वळवायचं कसब मी नोकरीत कमावलेलं आहे. आपल्याकडे सायकलीचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. स्कूटरचाही तसाच. माझ्या हातांना ही गोष्ट माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. तेव्हा ते पोरगं बोललं ते माझ्या कानाशी. हातांना कुणी काही सांगितलंच नाही.

ही गावातल्या चौकात कॉफी घेऊन बसणार होती. तिथून उताराचा शेवट आणि मोठमोठ्या उड्या मारायची जागा दिसते. “खाली आलात की व्हिडिओ काढते,” हिने फोन पुसत सांगितलं. निळी जर्सी, काळं हेल्मेट, अशी खूणही घेऊन ठेवली.

लिफ्टमधून खाली बघितलं तर उतारावर एक काळं अस्वल गवत खात होतं. माझ्याकडे पाहून त्याने खाणं थांबवलं नाही. शिकार म्हणूनसुद्धा माझी दखल घेण्यासारखी नसावी. भाचा तेवढ्यात मला फ्रान्सच्या मेगाव्हॅलांशबद्दल सांगत होता. आल्प द्युएझच्या वर ३,३०० मीटरवर बर्फात शेकडो सायकली एकाच वेळी सोडतात म्हणे. माझी धडकी जावी म्हणून तो हे सांगत होता.

आम्ही घेतली ती वाट हिरव्या वर्तुळाची, ‘ईझी डझ इट’. भाचा मागे. पहिली काही वळणं मी ज्या वेगाने घेतली त्याला शाळेच्या गॅदरिंगमधल्या स्लो सायकलिंगमध्ये पहिला नंबर मिळाला असता. मागून आलेली सहा-सात वर्षांची एक मुलगी माझ्यासाठी थांबली, वाट दिली, आणि ‘छान चाललंय, सर’ असं इंग्रजीत म्हणून निघून गेली. तिचे आईवडीलही तेच म्हणाले. एकूण त्या डोंगरावर माझं फार कौतुक झालं. पुण्यात असं कुणी केलं असतं तर मी टोमणा समजलो असतो.

वळणांच्या अलीकडे जमिनीवर आडव्या लाटा उठलेल्या असतात. सगळेच जण एकाच जागी ब्रेक दाबतात, चाकं माती ओढतात आणि खळगा-उंचवटा, खळगा-उंचवटा अशी माळ तयार होते. जो घाबरून जास्त दाबतो त्याला त्या लाटा जास्त लागतात. मला सगळ्या लागल्या. कोपराखालचे स्नायू फुगून दगड झाले, बोटं मिटेनात आणि मिटलेली उघडेनात. याला आर्म पंप म्हणतात आणि तो पट्टीच्या लोकांनाही होतो, अशी भाच्याने माझी समजूत घातली. मी लगेच पट्टीच्या लोकांत जाऊन बसलो.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. वाटेच्या खालच्या अंगाला एक लांब वळण होतं, बाहेरच्या बाजूने मातीचा तिरपा बांध घातलेलं. बोटं इतकी थकली होती की ब्रेक दाबायला ताकदच नव्हती. म्हणून नाइलाजाने मी तो दाबला नाही. सायकल आपणहून त्या बांधावर चढली, तिरकी झाली, टायर मातीला चिकटून राहिले, आणि वळणातून बाहेर पडताना आत शिरलो होतो त्याहून वेगात होतो. मी ओरडलो. भाच्याला वाटलं पडलो. मला स्वतःलाही तसंच वाटलं होतं, पण मी सायकलवर होतो आणि ती माझ्याखाली होती. मग पुढची दोन वळणं मी मुद्दाम तशीच घेतली, आणि तिथे डोक्यात हवा गेली.

तर असा मी अंगाला ओरखडाही न उमटता, सपाट जमिनीवर, चौकाच्या तोंडाशी पोचलो. समोर ही. हातात फोन. पण तोंड भलत्याच दिशेला. माझा विजयी प्रवेश हुकणार म्हणून मी उजवा हात उंच केला आणि “अगं, इकडे!” म्हणून हाक मारली. थांबायचंही होतंच. डाव्या हाताने आपण होऊन, नेहमीच्या सवयीने, मागचा ब्रेक दाबला.

तो पुढचा होता.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेक ही काय चीज आहे हे माहितीपत्रकात वाचून कळत नाही. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, मागचं वर आलं, आणि दोनशे मिलिमीटरचा तो शॉक नम्रपणे खाली वाकून मला पुढे वाट करून देता झाला. मी हँडलवरून आइस्क्रीम खाणाऱ्या एका कुटुंबाच्या पायाशी लोटांगण घातलं. वर केलेला हात शेवटपर्यंत वरच होता, त्यामुळे टेकला तो डावा.

दवाखान्यात रांगेत सगळे चिलखतातच बसले होते. शेजारच्या पोराचं कॉलरबोन गेलं होतं. “कुठे पडलात?” त्याने विचारलं. त्याचं स्वतःचं ‘ए-लाइन’वर, म्हणजे काळ्या शंकरपाळ्याच्या, ओळीने उड्यांच्या वाटेवर. मी तोंडाने काही बोललो नाही. फक्त डोंगराच्या दिशेने बघून मान हलवली. मनगटाच्या हाडाला चीर होती. प्लास्टर लागलं, आणि बिल डॉलरमध्ये.

व्हिडिओचं रात्री कळलं. मी हात केला तेव्हा ही ज्याचं चित्रण करत होती तोही निळ्या जर्सीतला, काळ्या हेल्मेटातला, तोंडावर गॉगल लावलेला माणूस होता. तो भल्या मोठ्या उंचवट्यावरून उडाला, हवेत सायकल आडवी केली, सरळ केली आणि अलगद टेकला. हिने तो व्हिडिओ जागीच माहेरच्या ग्रुपवर टाकला होता, ‘हे!!!’ एवढंच लिहून. तिथून तो सासरच्या ग्रुपवर गेला, तिथून सोसायटीच्या. माझ्या चाकाने त्या दिवशी एकदाच जमीन सोडली होती, आणि तेव्हा मी हँडलच्या पुढे होतो. पण तोवर बहात्तर वर्षांच्या माझ्या मोठ्या मेहुण्यांनी, ज्यांनी लग्नापासून मला नावाने हाक मारलेली नाही, ‘शाबास’ असं लिहिलं होतं. हिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, उगीच लोकांचा हिरमोड कशाला?

पुण्याला परत आल्यावर गळ्यातल्या झोळीने उरलेलं काम केलं. पार्किंगमध्ये मुलं सायकली घेऊन सल्ला विचारायला यायला लागली. मी त्यांना झाडाकडे बघू नका म्हणून सांगायचो. गणेशोत्सवात बक्षीससमारंभाला पाहुणे म्हणून माझं नाव ठरलं.

विम्याचा फॉर्म मी अगदी सचोटीने भरला होता. ‘अपघातसमयी विमाधारक काय करीत होता’ या रकान्यात ‘पत्नीस हात करीत होता’ असं लिहिलं. प्रवासाची पॉलिसी आमच्याच सोसायटीतल्या एजंटाकडून घेतलेली. एके सकाळी त्याचा फोन आला.

“काका, व्हिडिओ बघितला! काय उडालात हो! आम्ही घरी टीव्हीवर लावून पाहिला. आई तर रडायला लागली.”

“चालायचंच,” मी म्हणालो.

“फक्त एक अडचण आहे. धाडसी खेळ आपल्या पॉलिसीत बसत नाहीत. तुम्ही लिहिलंय हात करत होतो, आणि व्हिडिओत तर दोन्ही हात हँडलवर दिसतायत. आता तो व्हिडिओ माझा नाही, असं तुम्ही दोन ओळींत लिहून दिलंत, तर मी पुढे पाठवून बघतो.”

“लिहून म्हणजे तुझ्यापुरतंच ना?”

“माझ्यापुरतंच कसं, काका? फाइलला लागणार. शिवाय आई विचारेलच.”

“किती येतील रे अंदाजे?”

त्याने आकडा सांगितला. रुपयांत तो फारच भरघोस वाटत होता. ही चहाचा कप हातात घेऊन समोर उभी होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला काहीही सुचवत नव्हती.

“क्लेम मागे घेतो,” मी म्हणालो. “आईंना नमस्कार सांग.”